नालवाडीचे विनोबा

वर्धा शहरापासून दोन मैलांच्या आत नालवाडी म्हणून एक गाव आहे. आज ते वाढत वाढत शहरास मिळून गेले आहे; परंतु नव्वद वर्षांपूर्वी ती निराळी लहान वस्ती होती, व तेथे पुष्कळशी घरे अस्पृश्य मानलेल्या लोकांची होती. १९३२ सालच्या डिसेंबरअखेरीस, नाताळाच्या दिवसांत, सदतीस वर्षांचा एक कृश ब्राह्मण या वस्तीत येऊन राहिला. त्याच वर्षी धुळ्याच्या तुरुंगात त्याने गीतेवर प्रवचने दिली होती, व साने गुरुजींनी ती उतरून घेतली होती. मजूर व शिक्षक या दोघांच्याही कामाचा विनोबा भावे यांनी पुढे जो विचार केला, त्याची कसोटी या गावी लागली. म्हणून त्यांच्या दीर्घ आयुष्यातील नालवाडीचीच वर्षे येथे विस्ताराने सांगावयाची आहेत.

पूर्वीची हकिकत थोडक्यात अशी. विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, गागोदे या गावी झाला. शिक्षण बडोद्यास झाले. कॉलेजात असतानाच एके दिवशी त्यांनी आपली प्रशस्तिपत्रके आईच्या चुलीत घातली. १९१६ साली इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस म्हणून निघालेला हा मुलगा सुरतेस गाडी बदलून काशीस गेला, व त्याच वर्षी ७ जून रोजी कोचरब येथे गांधीजींच्या आश्रमात दाखल झाला. प्रशस्तिपत्रके जाळण्याची ही गोष्ट पुष्कळ लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. परंतु ज्या बापाने घरातील पितळी भांडे विकून मुलास चौथीपर्यंत शिकविले, त्याच्या घरी ती तितक्या कौतुकाने सांगण्यासारखी नाही. ज्याच्या कुळात सात पिढ्या विद्या आहे त्याचे कागद जळाले तरी विद्या जात नाही. असो. १९२१ च्या एप्रिलात जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी विनोबांस वर्ध्याचा आश्रम चालविण्यास पाठविले, आणि तेथून ते अकरा वर्षांनी नालवाडीस आले.

तो काळ मजुरांच्या चळवळीचा होता. मुंबईस नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणीकामगारांची पहिली संघटना उभारली, व त्यांच्या खटपटीने १८९० साली गिरण्यांस आठवड्यातून रविवारची सुटी मिळाली. रविवारी निर्धास्तपणे उपासनेस जाणारे मुंबईचे आपले कितीएक गिरणीकामगार बंधू त्या सत्यशोधक गृहस्थाचे ऋणी होते, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतून फारशी कोणास ठाऊक नसते. १९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सहा महिने चालला व सुमारे दीड लाख माणसे घरी बसली. वर्धा जिल्ह्यातही त्या काळी हिंगणघाट व पुलगाव येथे गिरण्या चालत असत. गिरणीत हजारो माणसे एका छपराखाली काम करितात, एकाच भोंग्याने आत जातात व एकाच दारातून बाहेर पडतात. मालक कोण हे त्यांस ठाऊक असते. तेथे युनियन होऊ शकते.

खेड्यात घराच्या ओसरीवर चरखा घेऊन बसलेल्या बाईचे तसे नव्हते. तिला बंद करावयास दार नव्हते व समोर उभा करावयास मालकही नव्हता. खादी भांडारवाला तिच्याकडून सूत घेई, ठरलेला दर देई, व ती मुकाट्याने घेई. दिवसभर कातून हातावर पडत ते दोन आण्यांच्या आसपास. तिच्या सुताचे कापड नेसून मोठमोठे लोक सभांतून देशसेवेची व्याख्याने देत. तिने संप करावा तर कोणाविरुद्ध करावा? तिला कामगार म्हणून कोणी मोजीत सुद्धा नव्हते.

विनोबांनी या प्रश्नावर निबंध लिहिला नाही. १९३५ च्या सुमारास नालवाडीस त्यांनी असे ठरविले की, सूत कातून जी मजुरी मिळेल तिच्यावरच आपला निर्वाह करावयाचा. ते रोज चार गुंड्या सूत कातीत. ज्यांनी चरखा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हिशेब सांगतो: एका गुंडीत ६४० तार, व एक तार चार फुटांचा. चार गुंड्या म्हणजे दहा हजार फुटांहून अधिक, जवळजवळ दोन मैल लांबीचा धागा. सरावलेल्या हातासही यास आठ तासांहून अधिक वेळ लागे. विनोबांचा हात चांगलाच सरावलेला होता. ते उजव्या हाताने कातीत तसेच डाव्यानेही कातीत. इतके केल्यावर चरखा संघाच्या दराने जे पैसे होत, तेवढ्यातच दूध, भाजी, गहू व तेल यांचा मेळ घालावयाचा. खेड्यातील कातणारीस जो दर, तोच यांस. तिच्या घरात खाणारी तोंडे अधिक होती, एवढाच काय तो फरक. आणि तो फरक थोडा नव्हता.

या प्रयोगातून जे निघाले ते कोणत्याही हिशेबनिसास कागदावर दिसले असते. पण कागदावर ते कोणी पाहिले नव्हते. कुशल माणूस दिवसभर प्रामाणिकपणे राबला तरी त्या दराने नीट जगणे कठीण, मग साध्या बाईने काय करावे? खादीच्या कामात मुरलेल्या माणसांपुढे आता तिच्या जागी त्यांचाच एक सहकारी बसला होता. त्याच वर्षी गांधीजींनी आठ तासांच्या कामास आठ आणे, म्हणजे तासास एक आणा, मजुरी असावी असा विचार जाहीरपणे मांडला. आणि १९३५ च्या ऑक्टोबरात अखिल भारत चरखा संघाने वर्ध्यास असा ठराव केला की, आठ तास नीट काम करणारास निदान पोटापुरते अन्न व अंगापुरते वस्त्र मिळेल एवढी मजुरी दिली पाहिजे. आठ आणे एकदम देता आले नाहीत. तथापि दर वाढले. दर वाढले म्हणून खादी महाग झाली, व महाग झाली म्हणून भांडारवाल्यांनी कुरकुर केली. गिऱ्हाईक तुटेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. परंतु स्वस्त कापडातील फरक कोणाच्या पोटातून काढिला जात होता, हे एकदा कळल्यावर ते पुन्हा झाकता येण्यासारखे नव्हते.

येथे एक आक्षेप आहे व तो टाळून जाणे बरे नव्हे. विनोबांनी गरिबी पत्करिली होती. त्यांस वाटेल त्या दिवशी ती सोडता आली असती. नालवाडीच्या महाराने ती पत्करिली नव्हती. ती त्याच्यावर लादलेली होती, व ती सोडून जाण्यास त्याला वाट नव्हती. डॉक्टर आंबेडकर यांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढिला, व ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईस संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह बिलाविरुद्ध एक दिवसाचा मोठा संप घडवून आणिला. देणाऱ्याच्या सद्बुद्धीची वाट पाहत बसणे ज्याच्या पिढ्यान्‌पिढ्या नशिबी आले, त्याने कायदा व संघटना मागितली तर त्याला अधीर म्हणता येत नाही. आमचे मत इतकेच की, संपाने मजुरी वाढविता येते, पण ती किती असावी याचा न्याय संप करीत नाही; ज्याची ताकद अधिक त्याचे त्या दिवशी होते. मजुरी ठरविणाराने काही महिने त्याच मजुरीवर जेवून पाहणे ही रीत जुनी व हळू आहे, आणि गिरणीच्या मालकांपैकी कोणी ती पाळिली असती तर कदाचित १९२८ चा संप सहा महिने चालला नसता. पण त्यांनी ती पाळिली नाही, हेही खरेच.

नालवाडीची दुसरी गोष्ट चामड्याची. १९३४ साली तेथे ग्रामसेवा मंडळ स्थापन झाले, व मंडळाच्या कामांत गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालविले. आपोआप मेलेल्या जनावरांचे कातडे येथे कमावले जाई, व त्यापासून जोडे वगैरे वस्तू होत. गोपाळरावांसारख्या उच्चवर्णीय तरुणाने कातडे सोलण्यास व कमावण्यास हात घालावा ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मेलेली गुरे ओढण्याचे काम आंबेडकरांच्या सांगण्यावरून पुष्कळ महार गावांनी टाकून दिले होते, व तेही योग्यच होते; कारण त्या कामाबरोबर मजुरी मिळत नसे, अपमान मात्र मिळे. नालवाडीचे म्हणणे निराळे होते. काम टाकावयाचे नाही, त्यातील अपमान व अज्ञान टाकावयाचे. ते शास्त्राने करावयाचे, व सर्व जातींनी करावयाचे. यांतील शेवटची अट पुरी झाली असती तर वादच उरला नसता. इतर जातींचे किती लोक गोपाळरावांच्या मागून आले, हे ज्याने त्याने आपापल्या गावाकडे पाहून ठरवावे.

आता शाळेविषयी. आपल्यापैकी पुष्कळ वाचक खेड्यातील शाळा चालवितात, म्हणून हा भाग त्यांनी लक्षपूर्वक वाचावा. १९३७ च्या ऑक्टोबरात, २२ व २३ तारखेस, वर्ध्यास गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने डॉ. झाकीर हुसेन यांची समिती नेमिली, व विनोबा तिचे एक सभासद होते. त्याच समितीत जे. सी. कुमारप्पा व ई. डब्ल्यू. आर्यनायकम् हे दोन ख्रिस्ती गृहस्थही होते. समितीने सुचविले ते असे: सात वर्षे सक्तीचे व मोफत शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि एखाद्या हस्तव्यवसायाच्या भोवती गुंफलेले. शाळेच्या साडेपाच तासांपैकी ३ तास २० मिनिटे त्या व्यवसायास दिली होती. सूत मोजताना गणित शिकावे, कापूस कोठे होतो हे पाहताना भूगोल शिकावा, अशी योजना होती.

यावर मोठी ओरड झाली. शाळेचा कारखाना होईल, मुलांच्या श्रमावर मास्तरचा पगार निघेल, असे लोक म्हणाले. आणि मुलांच्या सुतातून शाळेचा खर्च भागावा हा जो हट्ट होता त्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबर होते. परंतु हाताने काम शिकविणारी शाळा ही काही वर्ध्यासच प्रथम निघाली असे नाही. अहमदनगरास अमेरिकन मिशनने सुतारकाम वगैरे शिकविण्याच्या शाळा कितीतरी आधी चालविल्या होत्या. फरक इतकाच की, तेथे धंदा हा अभ्यासाच्या जोडीला होता, वर्ध्यास तो अभ्यासाचे मूळ झाला. विनोबांचा विचार पुस्तकाविरुद्ध नव्हता. त्यांस पुष्कळ भाषा येत होत्या, व पुढे त्यांनी ख्रिस्ती शास्त्रातून निवडक वचनांचे पुस्तकही तयार केले. जो राबतो त्याने शिकू नये व जो शिकतो त्याने राबू नये, ही आपल्या देशाची जुनी वाटणी त्यांस मोडावयाची होती. स्वराज्य आल्यावर सरकारांनी ही योजना कागदोपत्री उचलली, पण बहुतेक गावी तासापुरती टकळी फिरविणे व साहेब आल्यावर सुताची गुंडी दाखविणे एवढेच तिचे उरले. ज्या मास्तरास स्वतःस कातणे येत नाही तो मुलास काय शिकविणार?

विनोबांच्या मते याचे कारण शाळा सरकारच्या हाती राहिल्या हेच होते. जुना झेंडा स्वराज्याच्या दिवशी उतरला, मग जुने शिक्षण एक दिवस तरी का राहावे, असे त्यांचे म्हणणे असे. न्यायाधीशास पगार सरकार देते, पण निकाल सांगत नाही. शिक्षकाचेही तसेच असावे, असे ते म्हणत. १९६८ च्या मार्चात बिहारात कहलगाव येथे त्यांनी आचार्यकुल स्थापिले. शिक्षकांनी पक्षांच्या राजकारणापासून दूर राहून एकत्र यावे, व गावाने त्यांचा शब्द मानावा, असा त्याचा हेतू. ही शिक्षकांची युनियन नव्हती. पगाराचे भांडण तिने हाती घेतले नाही. आणि पोटाची चिंता असलेल्या शिक्षकास केवळ मान पुरत नाही, म्हणून ती फार फोफावलीही नाही, असे आम्हास वाटते.

नालवाडीचे दिवस १९३८ साली संपले. विनोबांचे वजन तेव्हा अवघे ८८ पौंड उरले होते. गांधीजींनी त्यांस हवा पालटण्यास सांगितले. डोंगरावर न जाता ते जवळच धाम नदीच्या काठी पवनार येथे जमनालालजींच्या बंगल्यात गेले, व तेथे रोज थोडी थोडी जमीन खणू लागले. त्यानेच प्रकृती सुधारली. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून गांधीजींनी त्यांस निवडिले, तेव्हा बाहेरच्या जगास त्यांचे नाव प्रथम कळले. १९४६ पासून सुमारे दोन वर्षे ते पवनारहून रोज चालत जवळच्या सुरगावास जात, व खांद्यावर फावडे घेऊन गावाची घाण काढीत. १९५१ च्या एप्रिलात तेलंगणातील पोचमपल्लीस शंभर एकर जमीन मिळाली, व भूदानासाठी पुढे तेरा वर्षांहून अधिक काळ ते देशभर पायी फिरले. ती सर्व हकिकत सर्वांस ठाऊक आहे. तिच्यातही रीत नालवाडीचीच होती: कायद्याने घ्यावयाचे नाही, देणाऱ्याने द्यावयाचे. मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळ पडीक निघाली, व पुष्कळ कधी वाटलीच गेली नाही.

१९७५ साली आणीबाणी आली. विनोबा त्या वेळी वर्षाच्या मौनात होते. शिस्तीविषयीचा त्यांचा एक शब्द सत्ताधाऱ्यांनी उचलून भिंतींवर रंगविला, आणि त्याच दिवसांत संप करणारे कामगार तुरुंगात होते. त्यांच्या चाहत्यांसही हे फार लागले. ज्याने मजुरीचा प्रश्न स्वतःच्या ताटात घेऊन सोडवू पाहिला, त्याचा शब्द मजुराचे तोंड बंद करण्यास वापरला गेला. व मौन सुटल्यावरही त्यांनी तो तितक्या ठणकावून परत घेतला नाही.

१९८२ च्या नोव्हेंबरात पवनारास ते आजारी पडले. औषध व अन्न त्यांनी सोडिले, व १५ नोव्हेंबर रोजी, दिवाळीच्या दिवशी, त्यांचा अंत झाला. धाम नदीच्या काठी अग्निसंस्कार झाला. नालवाडीतील ग्रामसेवा मंडळाचा परिसर गोपुरी या नावाने ओळखला जातो. वर्ध्याहून पायी जाण्यास अर्धा-पाऊण तास लागतो.