डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या मृत्यूच्या दोन बातम्या

जुनीं वर्तमानपत्रें चाळणारास एकाच पुरुषाच्या मरणाची बातमी दोनदां आढळते. एकदां १८६७ सालीं व पुन्हां १८७४ सालीं. पहिली खोटी होती, दुसरी खरी. तो पुरुष म्हणजे आफ्रिकेचे प्रवासी मिशनरी डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन. त्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देतों.

स्कॉटलंडांतील ब्लँटायर गांवीं ता. १९ मार्च १८१३ रोजीं एका गरीब कुटुंबांत त्यांचा जन्म झाला. दहाव्या वर्षीं ते कापसाच्या गिरणींत मजुरीस लागले, व यंत्रावर पुस्तक ठेवून शिकले. पुढें वैद्य होऊन १८४१ सालीं ते दक्षिण आफ्रिकेंत पोहोंचले. १८४४ सालीं मबोत्सा येथें सिंहानें त्यांच्या डाव्या दंडाचें हाड मोडलें. गुलामांचा क्रूर व्यापार त्यांनीं स्वतः पाहिला व जगापुढें मांडला.

१८६६ च्या आरंभीं ते मुंबईहून शेवटच्या प्रवासास निघाले. नाशिकजवळील शरणपूरच्या मिशनांत वाढलेले, गुलामगिरींतून सुटलेले नऊ आफ्रिकन तरुण त्यांजबरोबर होते. वाटेंत जोहान्ना बेटाचे लोक पळून गेले, आणि आपला पळ झांकण्यासाठीं साहेब मारले गेले असें त्यांनीं सांगितलें. तेंच वर्तमानपत्रांत छापून आलें. १८७१ सालीं मात्र न्यूयॉर्क हेराल्ड पत्राचे बातमीदार स्टॅन्ली यांस ते उजिजी येथें जिवंत भेटले. स्टॅन्लींनीं परत चलण्याचा आग्रह केला. पण काम अपुरें टाकून जाण्यास ते कबूल झाले नाहींत.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभीं चितांबोच्या गांवीं ते बिछान्याजवळ गुडघे टेकलेले मृत आढळले. चाकरांनीं त्यांचें काळीज झाडाखालीं पुरलें. शरणपूरचा विद्यार्थी जेकब वेनराइट १८७२ सालीं त्यांस येऊन मिळाला होता. त्यानें प्रेतसंस्काराचा पाठ वाचला व झाडावर धन्याचें नांव कोरलें. मग सुसी व चुमा यांच्या पुढारीपणाखालीं त्यांनीं तें प्रेत हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत समुद्रकांठीं आणलें. हा चुमा मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेंत शिकलेला होता.

इंग्लंडांत डाव्या दंडाच्या मोडलेल्या हाडावरून प्रेताची ओळख पटली. ता. १८ एप्रिल १८७४ रोजीं वेस्टमिन्स्टर ॲबींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत जेकबही होता.

पळणाऱ्यांनीं धन्याची खोटी बातमी आणली. विश्वासू चाकरांनीं धन्यासच खांद्यावर आणिलें. बंधुभगिनींनो, आपल्या गांवांत आपण आपल्या प्रभूविषयीं कोणती वार्ता पोहोंचवितों? संकटांत पाठ फिरविणाऱ्याची, कीं शेवटपर्यंत ओझें वाहणाऱ्याची? प्रत्येकानें आपल्या अंतःकरणास विचारावें.