सरफोजीराजे आणि तंजावरचा बँड

बेंगळूर ही शहाजीराजांची जहागीर होती. तेथूनच त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे तंजावरला गेले आणि कावेरीकाठी मराठी राज्य उभे राहिले. त्या गादीवर १७९८ साली दुसरे सरफोजीराजे बसले.

राजे दत्तक होते. चुलते अमरसिंह यांनी त्यांचा हक्क डावलला होता. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा सांभाळ केला व त्यांना विद्या दिली. पुढे गादी मिळाली खरी. परंतु १७९९ साली कंपनी सरकारने राज्यकारभार काढून घेतला. राजांपाशी उरला तो किल्ला, आणि ग्रंथ, वैद्यक व संगीत यांचा ध्यास.

ज्यांनी राज्य घेतले, त्यांचाच बँड राजांनी दरबारात उभा केला! यात लाचारी नव्हती, जिज्ञासा होती. शिवाय पलटणींपुढे वाजणारा मोठा ढोल आणि झांजा इंग्रजांच्या तरी कोठे होत्या? युरोपच्या फौजांनी त्या तुर्की सैन्याकडून उचलल्या होत्या. मोझार्टने १७८२ च्या संगीतनाटकात व बीथोव्हेनने १८२४ च्या नवव्या सिंफनीत त्यांना मानाचे स्थान दिले.

तंजावरच्या दरबारात कर्नाटक संगीतही तितक्याच आदराने नांदत होते. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चौघे बंधू तेथलेच. वडिवेलूंनी व्हायोलिन आत्मसात केले. सरफोजीराजे १८३२ साली निवर्तले. त्यानंतर दोन वर्षांनी त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी वडिवेलूंना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले.