धनंजयराव गाडगीळ : घराघरांत जाऊन विकास मोजणारे अर्थतज्ज्ञ

राज्याचं उत्पन्न इतक्या टक्क्यांनी वाढलं, अशी बातमी दरवर्षी येते. पण निपाणीत विडी वळणाऱ्या बाईची मजुरी वाढली का, खानापूरच्या जंगलाकडेच्या वाडीत शाळा आणि पाणी पोचलं का, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. ही अडचण फार आधी ओळखून तिच्यामागे सगळं आयुष्य लावणारा मराठी माणूस म्हणजे प्रा. धनंजय रामचंद्र गाडगीळ.

जन्म १० एप्रिल १९०१ चा. शाळा नागपुरात, पुढचं शिक्षण केंब्रिजला. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये पुस्तक म्हणून आला. काही वर्षं सुरतेला कॉलेजचे प्राचार्य होते. १९३० मध्ये रावबहादूर काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था उभी राहिली, तेव्हा २९ वर्षांचे गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले. १९६६ पर्यंत संस्थेची धुरा त्यांच्याकडेच होती.

नुसत्या सरकारी आकड्यांवर त्यांनी भागवलं नाही. वाई तालुक्यात शेतकऱ्याचा खर्च किती आणि हाती उरतं किती, याची पाहणी त्यांनी केली. ती १९४० मध्ये छापून आली. पुण्यातल्या कुटुंबांची मिळकत, कामधंदा, राहणीमान यांची मोठी पाहणी १९४५ आणि १९५२ अशा दोन भागांत निघाली. म्हणजे आधी माणूस, मग सरासरी.

मोजून ते गप्प बसले नाहीत. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर साखर कारखाना उभा केला, त्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळ होते. उसाचा पैसा गावातच राहावा, ही त्यामागची दृष्टी. निपाणीचा हालसिद्धनाथ, संकेश्वरचा हिरण्यकेशी पाहणाऱ्या आपल्या लोकांना ही सहकाराची वाट वेगळी सांगायला नको.

१९६७ मध्ये ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले. तोवर राज्यांना केंद्राची मदत ठरवून देण्याचा पक्का नियम नव्हता. १९६९ मध्ये गाडगीळ सूत्र आलं : ६० टक्के वजन लोकसंख्येला, आणि दरडोई उत्पन्नातला मागासपणा, करवसुलीचा प्रयत्न, चालू असलेले मोठे पाटबंधारे व वीज प्रकल्प, राज्याच्या खास अडचणी यांना प्रत्येकी १० टक्के.

सूत्रात एक उणीव राहिली. त्यात मोजलं जात होतं ते राज्य. बंगळूर किंवा मुंबईमुळे सरासरी वर गेली, की टोकावरचा तालुका तिच्याखाली झाकला जातो. आणि जंगल, नदी, माती यांना तर त्यात रकानाच नव्हता. पण त्याच वर्षी बँकांबाबत गाडगीळांच्याच अभ्यासगटाने जिल्हा हे एकक धरलं. आज प्रत्येक जिल्ह्याला लीड बँक असते, ती त्यातूनच.

नियोजन मंडळाचं काम संपवून पुण्याला परतत असताना ३ मे १९७१ रोजी त्यांचं निधन झालं. पुढचं काम इतरांनी केलं. गोखले संस्थेतलेच वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राचा अनुशेष जिल्हावार मोजला. कर्नाटकात नंजुंडप्पा समितीने २००२ मध्ये ३५ निकष लावून एकेका तालुक्याचा मागासपणा मांडला. आणि राहिलेला रकाना भरला तो धनंजयरावांच्याच मुलाने. माधव गाडगीळ यांच्या समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाची संवेदनशीलतेनुसार तीन श्रेणींत विभागणी केली आणि निर्णयात ग्रामसभेला स्थान मागितलं. आपला भीमगड त्याच घाटात येतो.

सीमाभाग दोन्ही राजधान्यांपासून लांब. जे मोजलं जात नाही त्याला निधीही मिळत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून पुढच्या वेळी विकासाचा आकडा ऐकला, की आपल्या तालुक्याचा आकडा वेगळा मागायचा : मजुरी किती, शाळेत मुलं किती, विहिरीला पाणी किती महिने, जंगल किती उरलं.