जमीन तयार करणारा कारखानदार

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर गावचा एक तरुण १८८५ मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकण्यासाठी आला. चित्रकार होण्याचे त्याच्या मनाने घेतले होते. वडील काशिनाथपंतांना हा मार्ग पसंत नव्हता. परंतु थोरले बंधू रामूअण्णा यांनी पाठीशी उभे राहून खर्चाचा भार उचलला. दोन वर्षे उत्साहात गेली आणि मग एक गोष्ट उघडकीस आली, की या विद्यार्थ्याला काही रंगांतील फरक नीट ओळखता येत नाही. रंगांधळेपणावर तेव्हाही उपचार नव्हता. चित्रकाराचे स्वप्न तिथेच संपले. २० जून १८६९ रोजी जन्मलेले लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते.

रंग हातचे गेले. रेषा मात्र राहिली होती. लक्ष्मणरावांनी यंत्रांच्या आरेखनाचा अभ्यास केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तो विषय शिकविण्याची नोकरी मिळविली. वर्गातील काम आटोपले, की ते संस्थेच्या कार्यशाळेत रमत. यंत्र कसे चालते, कुठे अडते, कोणता भाग आधी झिजतो, हे त्यांनी पुस्तकापेक्षा हातानेच अधिक जाणून घेतले. पुढे बढतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले.

तिथे रामूअण्णांच्या साथीने १८८८ पासून सायकलींचा व्यवसाय सुरू होता. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचा उगम याच दुकानात आहे. सायकली विकणे, दुरुस्त करणे आणि चालवायला शिकविणे असा सारा मामला होता. परंतु परदेशी माल आणून विकण्यात लक्ष्मणरावांचे मन रमेना. स्वतः काही घडवावे, तेही शेतकऱ्याच्या उपयोगाचे, या विचाराने त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले आणि पाठोपाठ १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर.

नांगर उत्तम होता. पण तो कोणी घेईना. लाकडी नांगर जमीन केवळ उकरतो, लोखंडी नांगर माती पालथी करतो, हा फरक डोळ्यांना दिसत होता. तरीही लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, ही समजूत शेतकऱ्यांच्या मनात घट्ट बसलेली होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. वस्तुतः लोखंड आणि माती यांचे नाते फार जुने आहे. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरील जांभ्याला जो लाल रंग आहे, तो लोहाच्या ऑक्साइडचाच. गेरूही तोच आणि पावसात उघड्या राहिलेल्या लोखंडावर चढणारा गंज हाही त्याच कुळातला. लोखंडापासून मातीला धोका नव्हता. ओल्या मातीत पडून राहिलेल्या लोखंडालाच खरा धोका होता. म्हणून नांगराच्या सांगाड्याला रंग द्यावा लागे. फाळाचा रंग मात्र पहिल्या काही तासांतच घासून निघून जाई. तो भाग काम संपल्यावर पुसून त्यावर तेलाचा हात फिरविणे, हाच त्याचा बचाव.

हळूहळू शेतकऱ्यांचा विश्वास बसू लागला आणि मागणी वाढू लागली. तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. चाळिशी गाठलेल्या लक्ष्मणरावांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करायचा होता आणि हाती जागा नव्हती.

मदत आली ती औंधहून. आज सातारा जिल्ह्यात असलेले औंध तेव्हा एका लहान संस्थानाची राजधानी होते. १९०९ मध्ये गादीवर आलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कलेचे मोठे रसिक. लक्ष्मणरावांची त्यांच्याशी ओळख होती आणि औंधात त्यांनी बांधकामाचे कामही केले होते. चित्रकला सोडावी लागलेल्या या कारागिराची धडपड त्या चित्रकार राजाने ओळखली. औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता. त्याची काही गावे दूर कृष्णाकाठच्या प्रदेशात विखुरलेली होती. त्यांपैकी कुंडलजवळची माळरानाची ३२ एकर जमीन आणि कारखान्यासाठी कर्जाऊ रक्कम राजेसाहेबांनी देऊ केली. शेजारून पुणे-मिरज लोहमार्ग जात होता आणि त्यावर कुंडल रोड नावाचे लहानसे स्थानक होते. हा सारा परिसर १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले.

मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव पंचविसेक कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसह तिथे उतरले. निवडुंगाचे रान, नागांचा सुळसुळाट आणि पाण्याची चणचण असे त्या जागेचे रूप होते. कारखाना उभा करण्याआधी जमीनच तयार करावी लागली. निवडुंग तोडला गेला, पाणी शोधले गेले, राहण्यासाठी निवारे उभारले गेले आणि त्यानंतर यंत्रे आली.

ओतकाम करणाऱ्या कारखान्यात जमिनीला वेगळेच महत्त्व असते. तिथे जमीन गुळगुळीत असण्यापेक्षा कोरडी असणे महत्त्वाचे. वितळलेले लोखंड ओलसर जागी सांडले, तर पाण्याची क्षणार्धात वाफ होते आणि तप्त रस चौफेर उडतो. काँक्रीटवर सांडले, तर त्यात मुरलेल्या ओलाव्यामुळे कपचे फुटून उडतात. म्हणून ओतशाळेत कोरड्या वाळूचा थर पसरतात. कामगाराचा जीव पायाखालच्या त्या थरावर अवलंबून असतो.

माणसांच्या बाबतीतही लक्ष्मणरावांनी वरवरचे पाहिले नाही. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळत, मंगेशराव रेगे हिशेब पाहत, तर शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर कल्पक तंत्रज्ञ म्हणून नावारूपाला आले. वसाहतीच्या राखणीचे काम तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांच्याकडे होते. एके काळी याच दोघांची दरोडेखोर म्हणून दहशत होती. वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. त्या काळात हे सारे सोपे नव्हते. परंतु ज्याच्यावर विश्वास टाकला तो माणूस टिकतो, याचा अनुभव किर्लोस्करवाडीने घेतला.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि परदेशी मालाची आवक आटली. लोखंड, कोळसा आणि रंग या तिन्ही गोष्टींची टंचाई एकदमच जाणवू लागली. लोखंडासाठी जुन्या निकामी तोफाही वितळविण्यात आल्या. कोळशाऐवजी बाभळीचा उपयोग झाला. रंगासाठीही परिसरातील जिनसांकडे वळावे लागले. ज्यांना रंगांनीच एकदा परत पाठविले होते, त्यांच्या कारखान्यावर आता रंग घरी करण्याची वेळ आली होती.

मात्र इथे रंगाचे सौंदर्य दुय्यम होते. लोखंडावरील लेपाचे काम हवा आणि ओल यांना धातूपर्यंत पोहोचू न देणे हे असते. जवसाच्या तेलासारखे सुकणारे तेल हवेतील प्राणवायू शोषून घट्ट पापुद्रा धरते आणि त्यात मिसळलेली भुकटी त्या पापुद्र्याला बळ देते. पण खाली गंज, वंगण किंवा ओल राहिली, तर कितीही चांगला रंग फुगून सुटतो. आज महाबळेश्वर-पाचगणीच्या बंगल्यांत मोटारीच्या गाळ्यातील जमिनीवर एपॉक्सीचा लेप देतात, त्यालाही हाच नियम लागू पडतो. काँक्रीट सच्छिद्र असते. पावसाळ्यात मुरलेली ओल खालून वर येते आणि लेप उचलते. हिवाळ्यातील थंड रात्री सर्वसाधारण एपॉक्सी नीट आवळत नाही. पारा दहा अंशांखाली गेला, की हे काम लांबणीवर टाकणेच शहाणपणाचे. हिमालयासारख्या अतिथंड प्रदेशात तर छिद्रांतील पाणी गोठून प्रसरण पावते आणि जमिनीचे पोपडे निघतात. जमीन खरवडणे, तेलाचे डाग काढणे, ती पुरती वाळू देणे या कामांतच लेपाचे निम्मे यश असते.

युद्धाने शिकविलेले स्वावलंबन पुढे उपयोगी पडले. नांगर आणि चरकांबरोबर पंपांचे उत्पादन वाढले. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले आणि या माळावरून मराठी घराघरांत मासिके जाऊ लागली. पुत्र शंतनुराव १९२६ मध्ये अमेरिकेतून अभियांत्रिकीची पदवी घेऊन परतले. पुढे हरिहर, बंगळूर आणि पुणे येथे नवे कारखाने उभे राहिले.

सर्वांत कठीण परीक्षा उतारवयात आली. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्याला आग लावण्यात आली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. अडतीस वर्षांत उभे केलेले पुष्कळ काही जळाले. एवढ्या माणसांना पोटाशी धरणाऱ्या वसाहतीवर ही पाळी यावी, याचे दुःख मोठे होते. तरीही कारखाना तिथेच पुन्हा सुरू झाला. इमारती जळाल्या, तरी कामगारांच्या हातातील कसब आणि त्यांचा त्या जागेवरचा विश्वास शिल्लक होता.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. जन्मशताब्दीला, २० जून १९६९ रोजी, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. कुंडल रोड स्थानक आज किर्लोस्करवाडी याच नावाने ओळखले जाते. सांगलीकडे जाणाऱ्या प्रवाशाला गाडीच्या खिडकीतून झाडी दिसते, वस्ती दिसते, कारखाना दिसतो. निवडुंगाचे ते रान आता कुठेच दिसत नाही.