विश्लेषण : एका विनोदामुळे अमेरिकेत टॉयलेट पेपर कसा संपला? कोण होते जॉनी कार्सन?

अमेरिकेतील ‘द टुनाइट शो’चे सूत्रसंचालक जॉनी कार्सन यांनी १९ डिसेंबर १९७३ च्या रात्री देशात टॉयलेट पेपरचा तुटवडा असल्याचा विनोद केला. प्रेक्षक हसले, पण दुसऱ्या दिवशी दुकानांत गर्दी उसळली. कारखाने मात्र नेहमीसारखेच सुरू होते. मग लोकांनी विनोदाला बातमी का मानले?

कार्सन कोण होते?

कार्सन यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२५ रोजी आयोवा राज्यात झाला. बालपण नेब्रास्कातील नॉरफोक या गावात गेले. शाळकरी वयातच ते ‘द ग्रेट कार्सोनी’ या नावाने जादूचे प्रयोग करू लागले. पुढे नौदल, विद्यापीठ आणि ओमाहातील रेडिओ असा प्रवास झाला. १९५४ मध्ये विनोदवीर रेड स्केल्टन थेट प्रक्षेपणाच्या थोडा वेळ आधी जखमी झाले. त्यांच्यासाठी विनोद लिहिणारे कार्सन ऐनवेळी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि नजरेत भरले.

प्रेक्षकांना ते का आवडायचे?

१ ऑक्टोबर १९६२ पासून जवळपास ३० वर्षे त्यांनी एनबीसी वाहिनीवर हा कार्यक्रम चालवला. दिवसभराच्या बातम्यांवर ते हलकेफुलके विनोद करत. विनोद फसला की त्यांचा चेहरा असा काही व्हायचा, की प्रेक्षक त्यालाच जास्त हसायचे. एखाद्या नवख्या विनोदवीराला त्यांनी शेजारच्या सोफ्यावर बोलावले, की त्याचे नशीब उघडले असे मानले जाई.

१९७३ मध्ये काय घडले?

तेलसंकटामुळे अमेरिकेत पेट्रोलची टंचाई होती. त्यातच विस्कॉन्सिनचे लोकप्रतिनिधी हॅरॉल्ड फ्रोलिक यांनी टॉयलेट पेपरची टंचाई होऊ शकते, असा इशारा दिला. कार्सन यांनी तोच धागा पकडला. टंचाईला आधीच धास्तावलेल्या लोकांनी गरजेपेक्षा जास्त पाकिटे उचलली. रिकाम्या फळ्या पाहून इतरांनीही तेच केले. म्हणजे आधी अफवा पसरली आणि मग टंचाई खरी झाली. नंतर कार्सन यांना कार्यक्रमातच खुलासा करून दिलगिरी व्यक्त करावी लागली.

पडद्यामागचे कार्सन कसे होते?

लाजाळू आणि अबोल. त्यांनी चार लग्ने केली. पण खासगी आयुष्य ते पडद्यापासून दूर ठेवत. १९९१ मध्ये त्यांच्या मुलाचा अपघाती मृत्यू झाला. काही आठवड्यांनी परतल्यावर त्यांनी मुलाने टिपलेली निसर्गचित्रे प्रेक्षकांना दाखवली. रोज हसवणारा माणूस त्या रात्री बाप म्हणून समोर आला होता.

शेवट कसा झाला?

२२ मे १९९२ रोजी त्यांनी निरोप घेतला. तो भाग सुमारे पाच कोटी लोकांनी पाहिल्याचा अंदाज आहे. त्यानंतर ते पडद्यावर क्वचितच दिसले. फुप्फुसाच्या आजाराने २३ जानेवारी २००५ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

ही गोष्ट आज का महत्त्वाची?

२०२० मध्ये करोनाकाळात अनेक देशांत टॉयलेट पेपरच्या फळ्या पुन्हा रिकाम्या झाल्या. या वेळी मोबाइलवर फिरणाऱ्या रिकाम्या फळ्यांच्या फोटोंनी भीतीत भर घातली. सांगणारा ओळखीचा आणि आवडता असला, की आपण खातरजमा करत नाही. कार्सन यांनी निदान चूक निस्तरली. फॉरवर्ड करणारा मात्र बहुतेक वेळा तेवढेही करत नाही.