विश्लेषण : राहू की पृथ्वीची सावली? भास्कराचार्यांनी काढलेला मार्ग

ग्रहण आले की घरात वेध पाळण्याची चर्चा सुरू होते आणि मोबाइलवर पृथ्वीच्या सावलीची आकृतीही येऊन पडते. बाराव्या शतकात भास्कराचार्यांपुढे हाच पेच अधिक अवघड रूपात होता. ग्रहणाचे गणित हे त्यांचे शास्त्र आणि पुराणांतला राहू ही त्यांची श्रद्धा.

कोण होते भास्कराचार्य?

जन्म १११४ चा, सह्याद्रीच्या परिसरातील विज्जडवीड गावचा. हे गाव नेमके कोणते, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. वडील महेश्वर हेच गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ रचला. (घटिकापात्रात मोती पडून लीलावतीचा मुहूर्त चुकल्याची कथा मात्र फैजीच्या सोळाव्या शतकातील फारसी भाषांतरातून पसरली.)

राहूचे काय केले?

चंद्रग्रहण चंद्राच्या पूर्वेकडून लागते, सूर्यग्रहण सूर्याच्या पश्चिमेकडून. अर्ध्या ग्रासलेल्या चंद्राची टोके बोथट दिसतात, सूर्याची तीक्ष्ण. चंद्रग्रहण सर्वत्र सारखे दिसते, सूर्यग्रहण ठिकाणागणिक बदलते. दोघांना एकच राहू गिळत असेल, तर हे फरक का पडावेत? झाकणाराच वेगळा आहे, असे भास्कराचार्यांनी मांडले : चंद्राला पृथ्वीची मोठी सावली, सूर्याला लहानसा चंद्र.

तरीही पुराणे खोटी, असे ते म्हणाले नाहीत. ब्रह्मदेवाच्या वराने अंधाररूपी राहू त्या सावलीत शिरतो, अशी तोड त्यांनी काढली. त्यांच्या पाचशे वर्षे आधी ब्रह्मगुप्तानेही गणित सावलीचेच केले होते, पण राहू नाकारणाऱ्यांवर तो तुटून पडला होता. भास्कराचार्यांनी भांडण टाळले. राहूला जागा मिळाली, काम उरले नाही.

पृथ्वीच्या आधाराबाबत मात्र त्यांनी एवढी सवलत दिली नाही. पृथ्वी कशावर तरी टेकली असेल, तर त्या आधाराला दुसरा आधार लागेल, त्याला तिसरा. शेवटी कुणीतरी स्वतःच्या शक्तीवर उभा मानावाच लागतो, मग पृथ्वीच का नको?

ते नास्तिक नव्हते. शून्याने भागून येणाऱ्या ‘खहर’ राशीत काही मिळवले वा वजा केले तरी ती बदलत नाही, हे सांगताना त्यांना उपमा सुचली ती विष्णूची. प्रलयात जीव त्याच्यात सामावतात, सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तो तसाच राहतो.

पाटणचा शिलालेख

नातू चांगदेव हा देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. छत्रपती संभाजीनगरहून कन्नडचा घाट उतरल्यावर चाळीसगाव तालुक्यात पाटण लागते. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवाने तिथे मठ स्थापला. तेथील देवीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. शके ११२८ चा उल्लेख असलेल्या त्या लेखानुसार निकुंभ घराण्यातील सोइदेवाने मठाला दान दिले. दानाचा मुहूर्त होता श्रावण पौर्णिमेच्या चंद्रग्रहणाचा.