ख्रिसमसच्या आधी जागं व्हायचं म्हणजे काय? लोणावळ्यातून जगाला हे शिकवणारे फादर अँथनी डिमेलो

लोणावळा म्हटलं की चिक्की, भुशी डॅम आणि पावसाळ्यातलं ट्रॅफिक आठवतं. पण मावळ तालुक्याची आणखी एक ओळख आहे. इंदुरीजवळच्या भंडारा डोंगरावर तुकाराम महाराज चिंतनाला बसायचे. 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं. आणि याच गावात एक ख्रिस्ती धर्मगुरू लोकांना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवत होता.

त्यांचं नाव फादर अँथनी डिमेलो. जवळची माणसं त्यांना टोनी म्हणायची.

सध्या त्यांची आठवण काढायचं कारण म्हणजे आगमनकाळ. ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांपासून ख्रिस्ती लोक येशूच्या येण्याची तयारी करतात, त्या दिवसांना आगमनकाळ म्हणतात. घराघरात गोठा सजतो, फराळाची गडबड असते. चर्चमध्ये मात्र पहिल्याच रविवारी जागं राहण्याची सूचना मिळते. डिमेलोंनी आयुष्यभर हाच विषय लावून धरला होता.

त्यांचा जन्म 4 सप्टेंबर 1931 रोजी मुंबईत झाला. घराणं मूळचं गोव्याचं. वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेत शिक्षण झालं आणि 1947 च्या जुलैमध्ये, सोळावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं तेव्हा, ते अंधेरीच्या विनयालयात जेझुइट संघात दाखल झाले. 1952 मध्ये तत्त्वज्ञान शिकायला त्यांना स्पेनमधल्या बार्सिलोनाला पाठवलं गेलं. पुढे पुण्याच्या डी नोबिली कॉलेजमध्ये त्यांनी ईशज्ञानाचं शिक्षण घेतलं. 1961 मध्ये ते धर्मगुरू झाले आणि नंतर शिकागोला जाऊन समुपदेशन शिकले.

म्हणजे एकीकडे जेझुइटांची प्रार्थनेची परंपरा आणि दुसरीकडे मानसशास्त्र. त्यात तिसरी गोष्ट मिसळली ती पूर्वेकडची. विपश्यना, झेन, सूफी कथा, उपनिषदं, जिथून जे घेण्यासारखं वाटलं ते त्यांनी घेतलं.

1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पुण्यात एक संस्था सुरू केली. तीच पुढे साधना इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाऊ लागली आणि 1978 मध्ये लोणावळ्यात आली. त्याच वर्षी त्यांचं ‘साधना’ हे पुस्तक आलं आणि बऱ्याच भाषांमध्ये गेलं. लोणावळ्यात धर्मगुरू आणि नन्स महिनोन्‌महिने राहायला यायचे. वर्षानुवर्षं प्रार्थना शिकवणारी ही माणसं इथे स्वतःकडे बघायला शिकायची. राग कुठून येतो, भीती कशाची वाटते, समोरचा माणूस का खुपतो, हे सगळं तिथे बोललं जायचं.

डिमेलोंचं म्हणणं साधं होतं. बहुतेक माणसं झोपेतच जगतात. झोपेतच लग्न करतात, मुलं वाढवतात, देवाला हातही झोपेतच जोडतात. आपण समोरच्या माणसाला बघतच नाही. त्याच्याविषयी मनात करून ठेवलेलं चित्र तेवढं बघतो. हे लक्षात आलं की जाग यायला लागते.

हे त्यांना कोणी शिकवलं? त्यांच्या सांगण्यात एक माणूस वारंवार यायचा. कलकत्त्यातला हातरिक्षा ओढणारा. क्षयानं पोखरलेला, घरी बायकामुलं, आणि मरणानंतर आपला सांगाडा मिळावा म्हणून आधीच पैसे घेऊन बसलेला. डिमेलोंनी त्याची विचारपूस केली. मुलांची चिंता वाटत नाही का, आजाराचा त्रास होत नाही का, असं सगळं विचारलं. माणूस मात्र शांत होता. हातून होईल तेवढं करायचं, बाकी देवावर सोडायचं, असा त्याचा हिशेब. बोलता बोलता डिमेलोंना जाणवलं की खरा साधुपुरुष आपल्यासमोर बसला आहे. जिवंत तो आहे आणि मेल्यासारखे आपण आहोत. स्पेन आणि शिकागोला शिकून आलेल्या धर्मगुरूनं एका रिक्षावाल्याला असं गुरुस्थानी मानलं.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आगमनकाळात हमखास आठवावी अशी आहे. एका मठाला उतरती कळा लागलेली असते. मोजके साधक उरलेले, तेही एकमेकांना कंटाळलेले. मठाधिपती हिमालयातल्या एका गुरूकडे जाऊन विचारतो, आमचं काय चुकलं? गुरू म्हणतो, तुमच्यातलाच एक जण वेष पालटून आलेला मसीहा आहे आणि तुम्हाला ते ठाऊक नाही. मठाधिपती परत येऊन हे सगळ्यांना सांगतो. आता तो कोण, हे काही कळत नाही. मग कोणी कोणाला तुटक बोलेना. न जाणो, हाच असला तर! हळूहळू मठात पुन्हा आनंद येतो आणि माणसंही येऊ लागतात.

जनी जनार्दन पाहण्याची सवय असलेल्या महाराष्ट्राला ही गोष्ट परकी वाटणार नाही. यात ख्रिस्ती मठाला उत्तर मिळतं तेही हिमालयातल्या गुरूकडून.

व्याख्यानांसाठी न्यूयॉर्कला गेले असताना 2 जून 1987 रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं डिमेलोंचं निधन झालं. वय होतं 55.

पण वाद नंतर पेटला. 1998 मध्ये व्हॅटिकननं त्यांच्या लिखाणाबद्दल इशारा दिला. सुरुवातीच्या पुस्तकांमधलं चांगलं मान्य केलं, पण पुढच्या लिखाणातले काही विचार कॅथलिक श्रद्धेशी जुळत नाहीत, असं ठरवलं. येशूला ते अनेक गुरूंपैकी एक मानतात, हा एक आक्षेप होता. त्यावर सही होती कार्डिनल राट्झिंगर यांची, जे 2005 मध्ये पोप झाले. उत्तर द्यायला डिमेलो हयात नव्हते. पुस्तकं मात्र विकली जात राहिली आणि लोणावळ्यातलं कामही चालू राहिलं.

धर्मशास्त्राचा तो वाद जाणकारांचा. रिक्षावाल्याची गोष्ट मात्र सगळ्यांसाठी आहे. त्या दिवशी डिमेलो थांबले, दोन प्रश्न विचारले आणि उत्तर मनापासून ऐकलं. देव येणार म्हणून करायची तयारी एवढीच असेल, तर ती आज घरी दूध टाकणाऱ्यापासूनही सुरू करता येईल.